काहीच नसलेली नळी

ज्या नळीत कुणी काहीच घातलं नव्हतं, ती नळी हिरवीगार चमकत होती.

एकूण सहा नळ्या होत्या, करंगळीच्या पेराएवढ्या. पाच नळ्यांमध्ये भाताचं जुनं तूस होतं आणि सहावीत नुसतं पाणी. चमकल्या मात्र सहाच्या सहा. विद्यापीठाच्या जीवरसायन विभागात २०५८ सालच्या त्या गुरुवारी दुपारी अशी शांतता पसरली, की खिडकीतल्या चिमण्यासुद्धा उगाच आगाऊ वाटायला लागल्या.

"कोण आहे तो शहाणा?" विभागप्रमुख मुजावर मॅडम म्हणाल्या. आणि सगळ्यांच्या माना दुर्वाकडे वळल्या. टिचकीचीसुद्धा. टिचकी म्हणजे विभागातला यंत्रमानव. खरं तर मान त्याला नव्हतीच. रुळावर सरकणारा एक हात, त्यावर कॅमेरा, आणि हॉस्टेलच्या पोरांनी शिकवून बिघडवलेली भाषा. पण कॅमेरा वळला.

यात लोकांची चूक नव्हती. दुर्वा अकरा वर्षांची होती आणि दर सुट्टीत आजोबांबरोबर इथे यायची. मागच्या दिवाळीत तिने एका यंत्रावर चिठ्ठी चिकटवली होती: 'आत बेडूक झोपलाय, हळू बोला.' दोन दिवस सगळा विभाग कुजबुजत होता. मुजावर मॅडमही.

"मी नाही केलं," दुर्वा म्हणाली.

"मागच्या वेळीही हेच म्हणाली होतीस."

"मागच्या वेळी मी खोटं बोलत होते. या वेळी खरं बोलतेय."

"आणि आम्ही फरक कसा ओळखायचा?"

दुर्वाने आजोबांकडे पाहिलं. डॉक्टर हिर्लेकर, तिचे नाना, एरवी चमचा पडला तरी ओरडणारे. आज ते नुसते स्टूल ओढून बसले होते. दुर्वाला हे ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं.

अकरा वर्षं नाना एका भाताच्या मागे होते. निळकणी त्याचं नाव. खाडीकाठच्या शेतांत खारं पाणी शिरलं तरी हा भात म्हणे ताठ उभा राहायचा. मग लोकांनी तो पेरणं सोडलं आणि बी संपलं. आता समुद्र वर चढत होता, शेतामागून शेत खारं होत होतं आणि माणसं गाव सोडायला निघाली होती. अशाच एका गावातल्या जयवंतीबाईंनी घरातल्या धान्य साठवायच्या ऐंशी वर्षांच्या कणगीचं लिंपण खरवडून बिस्किटांच्या डब्यातून पाठवलं. त्या मातीत मळलेलं होतं जुनं तूस. आणि महिन्याअखेर नाना निवृत्त होणार होते.

सगळे पांगल्यावर दुर्वा टिचकीपाशी गेली.

"पाण्याच्या नळीचं एवढं काय घेऊन बसलात? फेकून द्या ती. बाकीच्या पाच चमकल्याच ना?"

"बाळ, बस खाली," टिचकी म्हणाला. "तुसात डीएनए (सजीवाच्या पेशीतली माहितीची दुपदरी साखळी) उरला असलाच तर इवलासा. वाचणार कसा? म्हणून त्याच्या नकला काढतात. साखळी तापवली की पिशवीच्या चेनसारखी उघडते. दोन पदर सुटे. मग जरा गार करायचं. आपण टाकलेले छोटे तुकडे, म्हणजे प्रारंभक (नक्कल कुठून सुरू करायची ते दाखवणारे), भाताच्या डीएनएवर ठरलेल्या जागी जाऊन चिकटतात. तिथून पुढे विकर (पेशीतली कामं झटपट उरकणारं प्रथिन) एकेक अक्षर जोडत जातं. झाले एकाचे दोन. पुन्हा तापव, पुन्हा गार कर."

"दोनाचे चार. चाराचे आठ."

"दहा फेऱ्यांत हजार. वीस फेऱ्यांत दहा लाख."

दुर्वाने बोटांवर मोजायला घेतलं, मग सोडून दिलं. "आणि तीस?"

"शंभर कोटींच्या वर. तेवढ्या नकला झाल्या की आतला रंग चमकतो. आता सांग, बेडकाच्या चिठ्ठ्या तू किती लावल्यास?"

"एकच."

"आणि कुजबुजले किती?"

दुर्वा हसली. मग हसायची थांबली. "म्हणजे बाहेरून एक कण जरी आत गेला..."

"तरी शंभर कोटी. विकर विचारत बसत नाही, की बाबा, तू कणगीतला की रस्त्यावरचा. भात दिसला, काढ नक्कल. म्हणून ही सहावी नळी, कोरी. तिच्यात तेच पाणी, तेच विकर, तोच हात. फक्त तूस नाही. ती अंधारी राहिली, तर बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा. ती चमकली, तर कुणीतरी आगंतुक घुसलाय. आणि तो हिच्यात घुसला, तर त्या पाचांत घुसला नसेल कशावरून?"

म्हणूनच या विभागात एक रीत होती. शुक्रवारच्या बैठकीत कुणी काहीही शोधलेलं असो, मुजावर मॅडम आधी एकच म्हणायच्या, "कोरी दाखवा."

शुक्रवारी सकाळी प्रयोगशाळेत एसी इतका वाढवलेला होता, की दुर्वाने खुंटीवरचा नानांचा पांढरा कोट अंगात घातला. तो घोट्यापर्यंत आला. हात गार पडले म्हणून तिने ते खिशात घातले.

खिशात एक मार्कर पेन होतं. आणि तांदूळ.

मूठभर तांदूळ, खाली बारीक भुकटी. अर्थातच. नाना रोज सकाळी खिशातून काढून खिडकीत चिमण्यांना टाकायचे. दुर्वा तिथेच उभी राहिली आणि तिला गुरुवार पुन्हा दिसायला लागला. सगळं काम टिचकीने केलं होतं. पण नळ्यांची झाकणं लावणं आणि त्यांवर आकडे घालणं नाना यंत्रावर सोडत नसत. हातमोजे घातलेला नानांचा हात. हात खिशात, पेन बाहेर, आकडा, पेन खिशात, झाकण. सहा वेळा.

हे सांगितलं तर नानांची अकरा वर्षं त्यांच्याच खिशात जाणार होती.

मग तिच्या डोक्यात एक युक्ती आली. तिच्या डोक्यात युक्त्या यायच्याच. कोऱ्या नळीत मीच गंमत म्हणून तांदूळ टाकला, असं म्हटलं तर? सगळ्यांना पटलं असतं, काल तर पटलेलंच होतं. मग त्या पाच नळ्या निर्दोष. बोलणी बसतील तेवढीच, आणि बोलण्यांची तिला सवय होती.

बैठकीत पडद्यावर जयवंतीबाईही होत्या, डोक्यावर पदर, मागे कणगी.

"कोरी दाखवा," मुजावर मॅडम म्हणाल्या.

"मी टाकला," दुर्वा म्हणाली. "त्या नळीत तांदूळ. गंमत म्हणून. बाकीच्यांना हातही लावला नाही."

"तरी मी म्हटलंच," मॅडम म्हणाल्या. नानांनी मान वर केली. कालपासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला होता.

"मग त्या पाच चांगल्या धरायच्या?" ते हळूच म्हणाले.

"म्हणजे गावला आमचा भात?" पडद्यावरून जयवंतीबाई म्हणाल्या. "मग डॉक्टर, शेजारच्या दोघींचं सामान बांधून झालंय. त्यांना सांगते, जाऊ नका. त्या पुढे त्यांच्या भावकीत सांगतील. संध्याकाळपर्यंत सगळं गाव थांबेल बघा."

एकीच्या दोघी. दोघींच्या चार. दहा फेऱ्यांत हजार, आणि शब्द कणगीतला की खिशातला, हे कुणीही विचारणार नव्हतं.

"थांबा," दुर्वा म्हणाली. "मी नाही टाकला. आत्ता खोटं बोलले." कोटाचा खिसा तिने टेबलावर उलटा केला. तांदूळ घरंगळले, पेन गडगडत नानांपर्यंत गेलं. "नाना, तुम्ही हातमोजे घालून हेच पेन काढत होता. दर नळीला."

एक दाणा नानांनी बोटाने पुढे ढकलला, मागे ओढला.

"तीस वर्षं पोरांना ओरडतोय," ते म्हणाले. "हातमोजा घातलेला हात खिशात घालू नका म्हणून."

"हिर्लेकर सर," मुजावर मॅडम म्हणाल्या, "बेडूक तुमच्याच खिशात निघाला."

आधी नाना हसले, मग बाकीचे. हसून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि पडद्याकडे वळले. "जयवंतीबाई, अजून काही सापडलेलं नाही. माझी चूक झाली. शेजारणींना थांबा म्हणून सांगू नका."

"बरं झालं वेळेवर सांगितलंत," त्या म्हणाल्या. "आणि त्या पोरीला ओरडू नका."

डब्यात दोन चिमटी लिंपण उरलं होतं. सोमवारी बंद खोलीत टिचकीने सगळं पहिल्यापासून केलं, झाकणं आणि आकडेसुद्धा. नाना काचेबाहेर, कोट न घालता, हात मागे बांधून. दोन नळ्या तुसाच्या, एक कोरी. पंचविसावी फेरी, अंधार. तिसावी, अंधार. दुर्वा कोऱ्या नळीवरून नजर हलवत नव्हती. काहीच न दिसण्याची इतकी वाट तिने आजवर कधी पाहिली नव्हती.

तेहतिसाव्या फेरीला तुसाची एक नळी मिणमिणली. दुसरी अंधारीच. आणि कोरी काळीकुट्ट, चाळिसाव्या फेरीपर्यंत.

डीएनएची अक्षरं वाचली गेली जेमतेम दोनशे. पण नानांच्या खिशातल्या तांदळाशी ती जुळत नव्हती, आणि आजवर नोंदलेल्या भातांच्या यादीतल्या दुसऱ्या कुठल्याच भाताशीही पूर्ण जुळत नव्हती.

"हाच निळकणी?" जयवंतीबाईंनी पडद्यावरून विचारलं.

"माहीत नाही," नाना म्हणाले. "आणि जुन्या तुसातून रोप उगवत नाही. पण अशी आणखी अक्षरं मिळाली, तर खाऱ्या पाण्यात तग कशामुळे धरला ते कळेल. मग तो गुण आजच्या भातांत शोधता येईल. वेळ लागेल. मी निवृत्त झालो तरी रोज येईन, मॅडम हाकलत नाहीत तोवर."

"माझ्या माहेरी पण जुनी कणगी आहे," त्या म्हणाल्या. "खरं काय ते सांगूनच मागते सगळ्यांकडे. चालेल?"

पुढच्या आठवड्यात बिस्किटांचे सात डबे आले. त्याच्या पुढच्या आठवड्यात सोळा.

तोवर दुर्वाने दोन कामं उरकली होती. चिमण्यांच्या तांदळाचा डबा फाटकाजवळ नेऊन ठेवला, आणि नानांच्या कोटाचा खिसा जाड दोऱ्याने शिवून टाकला. वाकडा, पण पक्का. पहिला डबा उघडायला नाना पुढे झाले, तसा टिचकीचा कॅमेरा दुर्वाकडे वळला.

"बोल, साहेब."

दुर्वाने एक रिकामी नळी उचलली आणि तिच्यात फक्त पाणी भरायला सांगितलं.

"आधी कोरी," ती म्हणाली.