पायाशी ठेवायचा पंप

शांतलिंग चौथ्यांदा दुकानाची पायरी चढला, तेव्हा हसावं की कपाळाला हात लावावा, हे शिवम्माला कळेना. वैशाखातली दुपार, सकाळपासून गिऱ्हाइकांशी बोलून घसा कोरडा पडलेला, आणि हा बाबा पुन्हा आग विझवायच्या बंबांपुढं उभा!

लढाईमुळं पेट्रोल मिळेनासं झालं होतं. जळकोटच्या आण्णासाहेबांची मोटार आता पाठीवर कोळशाची भट्टी घेऊन धावायची, आणि शांतलिंग ती चालवायचा. मागल्या महिन्यात ठिणगी उडून सीट पेटली. त्यानं ती घोंगडीनं विझवली. हाताला अजून पट्टी होती. मालकांनी त्याला बंब आणायला धाराशिवला धाडलं, त्यालाही तीन आठवडे झाले.

"हा लाल बंब... बरा दिसतोय," तो म्हणाला.

"दिसतोय. पण उलटा झाला की फवारा सुटतो. तुमच्या रस्त्याच्या गचक्यानं मालकांची आंघोळच व्हायची."

"मग हा पितळी पंप?"

"मागल्या खेपेलाबी हेच इचारलं."

"तवा तुम्ही काय सांगितलं?"

"ऐकत कुठं होता तुम्ही?"

"ऐकत होतो की... आवाज ऐकला. शब्द तेवढे ऱ्हायले."

शिवम्मानं मान खाली घातली. गाल तापले, ते काही उन्हानं नव्हे.

भाऊ नागप्पाच्या या दुकानात येणारा जो तो तिला 'अक्का' म्हणे. चार वर्षांपूर्वी तिचा डायवर नवरा मोटारीसकट जळाला, तेव्हापासून ती सगळ्या गावाची अक्काच होती. हा एकटाच तो शब्द टाळायचा. आज म्हणतो की काय, असं दर वेळी तिच्या छातीत धस्स होई. आणि अक्का नाही म्हणाला, तर पुन्हा एक डायवर, पुन्हा दारात उभं राहून वाट बघणं! त्या वाट बघण्याला ती पार विटली होती.

"घ्या, न्हायतर सोडा," ती करड्या आवाजात म्हणाली. "किती दिवस चालायचं हे?"

तो पट्टीशी चाळा करत राहिला. "घेतला की... हिकडं यायला कारण उरत न्हाय."

तिनं पितळी पंप उचलला आणि बाकड्याच्या पायाशी ठेवला.

"बसा. ही तुमची सीट. आता डोळे मिटा... आग!"

तो चाचपडला. पट्टीच्या हातातून पंप निसटून खणखणला.

"पुन्हा."

"अवो, हे काय—"

"आमच्या घरधन्याच्या गाडीतबी पंप होता," ती म्हणाली. "मागं. सामानाखाली."

शांतलिंगची थट्टा तिथंच विरली. त्यानं गपचूप डोळे मिटले. तिसऱ्या खेपेला पंप पटकन हातात आला. डोळे उघडले, तर समोर तिचे डोळे भरलेले.

"ह्यातलं औषध उडून जातं," ती पदरानं डोळे टिपत म्हणाली. "दर अमावस्येला आणून दाखवायचा."

"दर अमावस्येला कशाला..." तो अडखळला. "बघणारीच घरात असली तर? आपल्या लोकांत दुसरं लगीन चालतं, शिवम्मा."

नुसतं शिवम्मा. पुढं काही नाही. चार वर्षांत तिला कुणी असं हाकारलंच नव्हतं. तिचा सगळा शीण क्षणभर कुठल्या कुठं गेला.

तिनं पंप किंतानात गुंडाळून त्याच्या हाती दिला. "नागप्पादादा सोमवारी सोलापूरहून येतोय. त्याला इचारा."

तो हसत पायऱ्या उतरला. मोटारीपाशी पोचला, तेवढ्यात मागून हाक आली.

"ऐकलं का? पायाशीच ठेवायचा. शेजारी बसल्यावर म्या पयलं तेच बघीन."