चार अंशांची खोली

ही ऐकीव गोष्ट नाही. जिच्या बाबतीत घडली, ती भाग्यश्री आज कोथरूडला राहते. विषय काढला की उठून जाते.

जानेवारी २००४. रविवार, दुपारचे तीन. बिबवेवाडीतली एक छोटी प्रयोगशाळा.

तिथे माणसाच्या यकृतातलं एक एन्झाइम बनायचं. माणसाच्या अंगातून काढून नव्हे. त्याचं जनुक जिवाणूंमध्ये घालून त्यांच्याकडून बनवून घ्यायचं, आणि इवल्या बाटल्यांत भरून संशोधनासाठी पाठवायचं.

यवतमाळहून आलेली भाग्यश्री त्या दिवशी एकटीच कामावर होती. बाटल्या ठेवायला ती कोल्ड रूममध्ये शिरली. आत कायम चार अंश.

मागे दार लागलं.

आतली मूठ फिरेना. मोबाइल बाहेर टेबलावर.

तिनं दार बडवलं, हाका मारल्या. खाली वॉचमन धोंडिबा होता, पण आवाज तिथवर पोचेना. हात सुजले तेव्हा ती थांबली.

आणि मग...

कट् कट् कट्.

दात वाजत होते. थंडीनं आपलेच, असं तिला वाटलं. तिनं जबडा घट्ट आवळला.

कट् कट् कट्...

आवाज मागून येत होता. एन्झाइमच्या बाटल्यांच्या मांडणीकडून.

“पोरी, लई गार हाय गं इथं.”

म्हाताऱ्या बाईचा आवाज. दमलेला.

भाग्यश्रीनं वळून पाहिलं नाही. तोंडावर हात दाबून ती तशीच उभी राहिली.

किती वेळ, कोण जाणे.

दार उघडलं. समोर धोंडिबा.

“ताई, आता दार वाजल्यालं ऐकलं म्हनून आलो.”

“मी केव्हाच थांबले होते, काका.”

धोंडिबानं तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. तिला दंडाला धरून बाहेर ओढलं.

सोमवारी प्रयोगशाळेचे प्रमुख दिगंबर सर म्हणाले, “थंडीत भास होतात. रजा हवी असेल तर सरळ अर्ज करा.”

“सर, ते जनुक मुळात कोणाचं?”

“असेल कोणा पेशंटचं. नाव कोण लिहून ठेवतं?”

त्या संध्याकाळी धोंडिबानं कोणालाही न विचारता बायकोची शाल कोल्ड रूममध्ये ठेवली.

“कुनी का आसंना. गारठलीया ना.”

सकाळी भाग्यश्रीनं ती शाल उचलली...

ऊबदार होती. आत्ताच कोणी अंगावरून काढल्यासारखी.

त्याच आठवड्यात तिनं नोकरी सोडली आणि सॉफ्टवेअर कंपनीत लागली. धोंडिबा मात्र निवृत्त होईपर्यंत रोज शाल ठेवत राहिला.

आता तिथे कोण ठेवतं, हे विचारायचा धीर तिला अजून झालेला नाही.