कोऱ्या नळीतलं रक्त

कोल्डरूमचं दार तिने ओढायच्या आत ते आतूनच उघडलं. समोर पांढरा कोट, पांढरं धुकं आणि त्यात एक चेहरा… ती किंचाळायची तेवढी राहिली.

"भूत नाही मी," तो म्हणाला. "काटेवाला."

लॅबमध्ये सगळे त्याला तेच म्हणत. प्रथिनांच्या तुकड्यांचं वजन करणारं यंत्र त्याच्या ताब्यात होतं. ती नवी संशोधक. रुग्णांच्या रक्तातल्या प्रथिनांचे तुकडे करायचे, साखर चिकटलेले तेवढे चुंबकी मण्यांनी पकडायचे, बाकीचे धुऊन टाकायचे आणि उरलेलं त्याच्या हवाली करायचं, हे तिचं काम. नमुने द्यायला गेली की ती जरा रेंगाळे. तोही काहीबाही विचारून थांबवी.

मग विपरीतच सुरू झालं. नळ्या रात्रभर कोल्डरूममध्ये राहत; त्यातली पहिली ती पडताळ्यासाठी कोरी ठेवी, म्हणजे तिच्यात नुसतं पाणी घाले. तिथे यंत्राला काहीही दिसता कामा नये. पण दिसू लागलं — माणसाचं रक्त, साखर चिकटलेलं. तिने मणी बदलले, पाणी बदललं. पुन्हा तेच. झाडलोट करणाऱ्या मावशींनी सांगितलं की सकाळी कोल्डरूममध्ये कुणीतरी गुणगुणतं, त्या एकट्या आत जात नाहीत. तिने हसण्यावारी नेलं, पण अंगावरचा काटा काही जाईना.

चौथ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी येऊन कोल्डरूमच्या अंधारात फळ्यांआड उभी राहिली. पंखे घरघरत होते. दार उघडलं. एक पांढरी आकृती तिच्या नळ्यांवर वाकली आणि… गुणगुणू लागली.

तिने दिवा लावला. काटेवाला. उघड्या हातांनी झाकणं सैल करत होता. थंडीने उललेल्या अंगठ्यातून रक्त येत होतं.

"फार घट्ट असतात," तो ओशाळून म्हणाला. "तुमची बोटं दुखतील म्हणून…"

चार दिवसांचं काम वाया गेलं होतं, तरी तिला राग आला नाही. भीती वाटली.

"ते रक्त तुमचं होतं तर. त्यात साखर फार दिसतेय. यावरून पक्कं सांगता येत नाही, पण आजच तपासून घ्या."

त्याने हातातली नळी खाली ठेवली.

"दोन महिने झाले… सारखी तहान लागते, कपडे ढगळ झालेत, कशात लक्ष लागत नाही. मला वाटलं, तुमच्यामुळे."

ती त्याच्याबरोबर दवाखान्यात गेली. सोबत म्हणून स्वतःचंही रक्त तपासायला दिलं. त्याची साखर खूपच वाढलेली निघाली. वेळेवर आलात, असं म्हणत डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या.

बाहेर पायरीवर तो पडेल आवाजात म्हणाला, "म्हणजे सगळं साखरेचंच होतं."

तिने त्याचा पट्टी बांधलेला अंगठा हातात घेतला.

"माझंही कशात लक्ष लागत नाही रे," ती म्हणाली. "आणि माझा रिपोर्ट नॉर्मल आलाय."