नोनाच्या बरणीतला घेवडा

क्लाइव्हला गाजराचं वावडं होतं असं नाही. पण अख्खं गाजर भाजून बशीत एकटंच मांडलेलं, आणि तेवढ्यासाठी रविवारी दुपारी टाय बांधून यायचं, हे काही त्याला पटत नव्हतं.

“बाकीचं मागून येतंय ना?” त्याने हळूच विचारलं.

“हेच आहे. मुकाट्याने खा,” थेल्मा म्हणाली.

थेल्मा क्विल्टी त्याच्या दिवंगत भावाची बायको. तिने विमानतळावरच्या क्वारंटीन खात्यात तीस वर्षं लोकांच्या बॅगांतून आंबे, मुळ्या आणि बियाणं हुडकून काढलं होतं. निवृत्त झाल्यावर खासगी तपासनीसाचा परवाना घेतला होता. क्लाइव्हने एकतीस वर्षं मेलबर्नच्या ट्रॅम चालवल्या होत्या. आता तो थेल्माची गाडी चालवायचा आणि तिचं बोलणं निम्मं समजलं तरी सगळं ऐकून घ्यायचा.

त्याने गाजराचा तुकडा तोंडात टाकला आणि लगेच दुसरा कापला. गाजर असं लागतं हे त्याला पासष्टाव्या वर्षी कळत होतं.

ब्रन्सविकमधलं ‘नोना’ हे शाकाहारी रेस्टॉरंट झोरा बार्बिच चालवायची. नोना म्हणजे तिच्या बोलीत आजी. भाज्या, धान्य, सगळं सेंद्रिय. निम्मं तर मागच्या परसातलंच. उत्तरेच्या, म्हणजे या देशात दिवसभर ऊन येणाऱ्या खिडकीत, माणसाचा हात पोचणार नाही इतक्या उंच फळीवर, काचेची एक बरणी होती. तीत विस नावाच्या दूरच्या बेटावरचा घेवडा. झोराची आजी बोटीने आली तेव्हा तिने तो कोटाच्या शिवणीत शिवून आणला होता. जगात दुसरीकडे तो कुठेही उरला नव्हता, असं झोरा सांगायची.

आज झोराच्या आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती. म्हणूनच की काय, झोराने शिडी लावून बरणी खाली घेतली आणि कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवली. तिथे ॲशली प्रॉसर बसला होता. जुन्या बियाणांचा व्यापार करणारा हा गृहस्थ फेब्रुवारीपासून तिच्या मागे लागला होता.

“फक्त बघायचं. विकणार नाही,” झोरा म्हणाली.

प्रॉसरने झाकण फिरवलं, चार दाणे तळहातावर घेतले, चष्मा कपाळावर सरकवला. मग त्याचा चेहरा पडला.

“बाई, हा तुमचा घेवडा नाही. ही साधी बोर्लोटी आहे. कुठल्याही दुकानात किलोने मिळते.”

झोराने दाणे हिसकावून घेतले. तिच्या घेवड्याच्या डोळ्याभोवती लाल वाइनच्या रंगाची कोर असायची. या दाण्यांवर नुसते लाल ठिपके होते. लांबून, काचेतून, कुणालाही फरक कळला नसता.

ती सावकाश स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली. दारात तिचा मुख्य आचारी सेमिसी तौफा उभा होता. टोंगाहून आलेला धिप्पाड, शांत माणूस.

“आज सकाळी शिडीवर कोण चढलं होतं?” झोराने विचारलं.

“मी. धूळ पुसायला. तुम्हीच सांगितलं होतं.”

“आणि मंगळवारी मागच्या दाराशी या प्रॉसरशी काय कुजबुज चालली होती?”

गिऱ्हाइकांचे चमचे थांबले. सेमिसीने ॲप्रनला हात पुसले आणि काहीच बोलला नाही. त्याच्या कामाचा परवाना याच नोकरीवर होता. ती गेली की देशही सोडावा लागणार होता. हे त्या खोलीतल्या बहुतेकांना ठाऊक होतं.

“संध्याकाळच्या आत सामान आवर,” झोरा म्हणाली.

थेल्मा रुमालाला तोंड पुसून उठली. “झोरा, मला चार वाजेपर्यंत वेळ दे. तोवर कुणाला काढू नकोस.”

*

गिऱ्हाइकं पांगली. थेल्माने बरणी पांढऱ्या ताटात रिकामी केली, झोराच्या हातातले चार दाणेही त्यातच टाकले. आत झोराच्या आईच्या हातची चिठ्ठी होती: चाळीस.

“मोज,” ती क्लाइव्हला म्हणाली. “आणि रंग बघून वेगळे कर.”

“सगळे एकसारखेच तर आहेत.”

“ट्रॅमही तुला एकसारख्याच दिसायच्या का?”

क्लाइव्हने बोटाने दाणे सरकवायला सुरुवात केली. एकसारखे नव्हते खरे. बहुतेक दाणे गोऱ्या कांतीचे, ठिपके ठसठशीत. पण तेरा दाण्यांना चहाचा डाग पडल्यासारखा रंग चढला होता, तोही एकाच अंगाला.

“तेरा आणि सत्तावीस. एकूण चाळीस. चोराने मोजून भरले की!”

“हो ना,” थेल्मा म्हणाली. “शिस्तीचा माणूस.”

मग ती झोराकडे वळली. झोरा खुर्चीत अंग टाकून बसली होती.

“हा घेवडा शेवटचा कधी पेरला होता?”

“आई होती तेव्हा. तिने शेवटचं पीक घेतलं, चाळीस दाणे निवडून बरणीत भरले आणि त्याच महिन्यात गेली. मी झाकणाला हातही लावला नाही.”

“वेलाचा, शेंगेचा एखादा फोटो?”

“छे! आई वेलाजवळ कॅमेरा येऊ द्यायची नाही. नजर लागते म्हणायची. ती गेल्यावर मागचे वाफे तीन वर्षं ओसाडच होते. मग सहा वर्षांपूर्वी चेन्सु आला, त्याने परत बाग उभी केली.”

“आणि सेमिसी?”

“त्याला पाच आठवडे झाले. सरळ टोंगाहून आला.” झोराने स्वयंपाकघराकडे पाहिलं. “हात सोन्याचे आहेत गं त्याचे. म्हणून जास्त लागलं.”

*

सेमिसी पातेली घासत होता. ते काम त्याचं नव्हतं, तरीही.

“प्रॉसर काय म्हणाला तुला?” थेल्माने विचारलं.

“बरणी कधी खाली येते का, विचारत होता. मी म्हटलं, मालकिणीला विचारा.”

“मग हे मघाशी का नाही बोललास?”

“चारचौघांत मालकिणीला खोटं पाडायचं? आमच्याकडे तसं करत नाहीत.”

“धूळ पुसताना बरणी फिरवायचास? पुसून परत ठेवायचास?”

“नाही. बरणी उचलायची नाही, अशी पहिल्या दिवसापासून ताकीद होती. भोवतीनेच फडकं मारायचं.” त्याने पातेलं उपडं घातलं. “आज रात्रीची सुरणाची भाजी कोण करणार आहे? ओवनमध्ये लावायची वेळ झाली.”

“तूच लाव,” थेल्मा म्हणाली.

प्रॉसर बाहेर सिगारेट ओढत येरझारा घालत होता.

“मला जानेवारीत वर्तमानपत्रातून या घेवड्याचा पत्ता लागला,” तो वैतागून म्हणाला. “फेब्रुवारीत पहिल्यांदा इथे पाऊल टाकलं. तेव्हापासून सात वेळा जेवलो. सात वेळा, बाई! मला मटण आवडतं!”

“मलाही,” क्लाइव्ह मनापासून म्हणाला.

“आणि चोर कोण आहे ते सांगा. पकडलं का त्या आचाऱ्याला?”

मागच्या परसात एक म्हातारा ट्रकमधून पालकाच्या पेट्या उतरवत होता. डोक्यावर कापडी टोपी, गुडघ्यांवर मातीचे गोल. हा चेन्सु झामित, माल्टाचा. बागेसाठी सकाळी इथे असायचा, दुपारी आपल्या कोबर्गच्या परसातली भाजी घेऊन पुन्हा यायचा. आत काय घडलं याची त्याला गंधवार्ता नव्हती.

“वरची बरणी आज उघडली,” थेल्मा म्हणाली. “आत दुसरेच दाणे निघाले.”

चेन्सुने हातातली पेटी खाली ठेवली. जरा जास्तच जपून.

“झोरा रडली का?”

“अजून नाही. तुम्ही तो घेवडा पाहून ओळखाल?”

“न ओळखायला काय झालं? कोवळी शेंग जांभळ्या शिंतोड्यांची असते. वाळायला लागली की शिंतोडे हळूहळू पुसून जातात, आणि शेंग कागदासारखी पांढरी होते. असा घेवडा दुसरा नाही.”

“छान सांगितलंत,” थेल्मा म्हणाली. “चार वाजता जरा आत या. कॉफी आहे.”

परतताना क्लाइव्हने तिला बाजूला घेतलं. “मला विचारशील तर तो प्रॉसर. माणूस सात वेळा गाजर खातो म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.”

“क्लाइव्ह, सगळे साप साप म्हणून भुई धोपटतायत. आज कोण शिडीवर चढलं, आज कोण कुठे होतं. चोरी आज झाली असं सांगितलं कुणी?”

“म्हणजे?”

“तूच तर दाणे वेगळे केलेस. चारला कळेल.”

*

चार वाजता पाच जण मोठ्या टेबलाभोवती बसले. मध्ये ते पांढरं ताट होतं. सेमिसी एकटाच उभा होता. बसायला सांगितलं तरी बसला नाही.

“बोर्लोटी उन्हात ठेवली की तपकिरी पडते,” थेल्माने सुरुवात केली. “पण अंधारात, किंवा दुसऱ्या दाण्यांच्या आड असली तर गोरी राहते. हे तेरा दाणे काचेला टेकून, खिडकीच्या बाजूला होते. रंगही फक्त त्याच अंगाला चढलाय. म्हणजे बरणी एकदा भरली आणि नंतर कुणी हलवली नाही. इतका रंग यायला किती दिवस लागतात, प्रॉसर?”

प्रॉसरने एक दाणा उचलून उजेडात धरला. “उत्तरेची खिडकी... अख्खा उन्हाळा. कमी नाही.”

“आता एप्रिल सुरू आहे, आणि आपल्याकडे उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. म्हणजे हे दाणे डिसेंबरच्या आधीच बरणीत गेले. तेव्हा सेमिसी टोंगात होता. आणि प्रॉसर, तुम्ही या घेवड्याचं नावही ऐकलं नव्हतं. शिवाय बी हाती लागलेला माणूस त्याच बीसाठी सात वेळा गाजर खात नाही.”

क्लाइव्हने खाली बघितलं.

“मग उरलं कोण?” झोराने विचारलं.

“आधी हे बघू, की चोराने नेलं कधी. उन्हाळ्याच्या आधी, म्हणजे वसंतात. वसंतात घेवड्याचं काय करतात?”

थेल्माच पुढे बोलली.

“पेरतात. विकायला नेणारा बरणी उचलून पसार होतो. या माणसाने मोजून चाळीस दाणे परत भरले, झोराला रिकामी बरणी दिसू नये म्हणून. दाणे बदलल्याचं कळल्यावर प्रॉसरने विचारलं, चोर कोण. एका माणसाने मात्र विचारलं, झोरा रडली का.”

चेन्सुने टोपी काढून मांडीवर ठेवली.

“त्या माणसाने मला कोवळ्या शेंगेचे शिंतोडे सांगितले,” थेल्मा मृदूपणे म्हणाली. “शेवटची शेंग या मातीत नऊ वर्षांपूर्वी लागली. फोटो एकही नाही. आणि तुम्ही इथे आलात सहा वर्षांपूर्वी, चेन्सु. ती शेंग तुम्ही पाहिलीत कुठे?”

चेन्सुने मागच्या दाराकडे, आपल्या ट्रककडे पाहिलं.

“माझ्या कुंपणावर,” चेन्सु म्हणाला. “ऑक्टोबरात नेले दाणे. चाळीस पेरले. तीनच उगवले.”

“तीन?” झोरा उठून उभी राहिली. “आईचे सदतीस दाणे तू मातीत कुजवलेस?”

“ते बरणीतच मेले होते, मुली. घेवड्याचं बी चार-पाच वर्षं धरतं, फार तर सहा. उरलेले तीन पुढच्या वसंतापर्यंत टिकले नसते.”

“मला विचारता आलं नाही तुला?”

“चार वेळा विचारलं. दरवर्षी वसंतात. तू म्हणायचीस, ते आईचं आहे. पाचव्यांदा नाही विचारलं.” त्याने मान खाली घातली. “तीन वेलांचं काय सांगू तुला? म्हटलं, सगळं पीक हाती येऊ दे, मग बरणी भरून ठेवीन, पाया पडेन आणि सांगेन. शेवटच्या शेंगा अजून वाळायच्यात.”

तो उठून ट्रककडे गेला आणि कागदाची एक मोठी पिशवी घेऊन आला. झोराने ती हातात घेतली. आत दाणे होते, भरपूर, तुकतुकीत. प्रत्येकाच्या डोळ्याभोवती लाल वाइनच्या रंगाची कोर. तिने मूठ भरून घेतली, आणि मग ती रडली. चेन्सु तिच्याशेजारी नुसता उभा राहिला. प्रॉसरने तोंड उघडलं, थेल्माने त्याच्याकडे पाहिलं, त्याने ते मिटलं.

“पण आचाऱ्याचं काय?” क्लाइव्हने विचारलं. एवढं सगळं झाल्यावर त्याला तेच पहिल्यांदा आठवलं.

चेन्सु दचकला. “आचाऱ्याचं? त्याचा काय संबंध?”

“तुझ्या पायी मी त्याला चोर ठरवलं,” झोराने डोळे पुसले. “नाही. तुझ्या पायी नाही. माझ्याच डोक्याने ठरवलं.” ती सेमिसीसमोर जाऊन उभी राहिली. तो तिच्याहून दीड हात उंच होता. “चारचौघांत बोलले, चारचौघांतच सांगते. माझं चुकलं. मला माफ कर.”

सेमिसीने विचार केला.

“केलं. पण मला आज संध्याकाळची सुट्टी हवी.”

“घे की. कशाला पण?”

“रागवायला,” सेमिसी म्हणाला. “कामावर असलो की मला रागावता येत नाही.”

त्याने ॲप्रनची व्यवस्थित घडी करून ओट्यावर ठेवली, ओवनची आच कमी केली आणि पुढच्या दाराने निघून गेला.

संध्याकाळी ‘नोना’ उघडलं तेव्हा स्वयंपाकघरात झोरा स्वतः होती आणि चेन्सु तिला कांदा चिरून देत होता. थेल्माने क्लाइव्हला जेवायला थांबवून घेतलं होतं. सेमिसी निम्म्यावर सोडून गेलेली सुरणाची भाजी आली; मीठमसाला झोराने घातला होता. क्लाइव्हने पहिला घास घेतला आणि मुकाट्याने पाण्याचा पेला जवळ ओढला.

झोरा घाम पुसत टेबलाशी आली. “कसं झालंय?”

एकतीस वर्षांत क्लाइव्हने एकाही उतारूला ट्रॅमच्या वेळेबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. त्याने थेल्माकडे पाहिलं. थेल्मा खिडकीबाहेर बघत होती.

“सेमिसी परत कधी येतोय?” त्याने विचारलं.

झोरा पहिल्यांदाच हसली.

“उद्या सकाळी. मी स्वतः जाऊन त्याला आणणार आहे.”