नळीतलं परकं रक्त

"थांबवा तिला! गाडीत बसू देऊ नका!"

लॅबच्या बाई फोनवर ओरडल्या. मोठ्या डॉक्टरांची लेक, सातवा महिना, बॅग भरून हॉस्पिटलच्या दारात उभी होती. सकाळचा रक्ताचा रिपोर्ट चांगला आला, म्हणून वडिलांनीच तिला घरी जायची परवानगी दिली होती.

बाईंच्या हातात दोन कागद होते. परवाच्या कागदावर हिमोग्लोबिन साडेनऊ आणि संसर्गात वाढणारं सीआरपी बरंच चढलेलं, म्हणजे बाळाभोवतीची पाणमोट वेळेआधी फुटायची भीती. आजच्यावर सीआरपी नावालाच. हिमोग्लोबिन पंधरा!

"दोन दिवसांत पंधरा? पोरीनं लोखंड चघळलं की काय!"

मशीनवाली पोरगी रडकुंडीला आली होती. "मशीन ठीक आहे, बाई. पण काही चुकलं तर डॉक्टर माझ्याच नोकरीवर गदा आणतील."

"डोळे पूस. नळी कोणी आणली?"

"जावईबापूंनी. सुईदादांनी त्यांच्याकडे दिली."

सुईदादा वॉर्डात रक्त काढायचा. हात इतका हलका की पेशंटनीच हे नाव ठेवलेलं. निगेटिव्ह रक्ताची गरज पडली की पहिली हाकही यालाच.

बाईंनी जावयाला गाठलं. "नळीवर नाव कुठे लिहिलं?"

"बाहेर जाऊन. दोन-चार मिनिटं लागली त्यांना."

"बाहेर? अहो, नाव पेशंटच्या उशाशीच लिहायचं, हे त्यानंच सगळ्यांना शिकवलंय!"

बाईंनी लेकीचं रक्त स्वतः काढलं. सीआरपी परवापेक्षा दुप्पट निघालं. तिला परत कॉटवर झोपवून औषध सुरू झालं. पाणमोट अजून शाबूत होती.

मग बाईंनी सगळ्यांना लॅबमध्ये बोलावलं.

"सकाळच्या नळीत गर्भारपणाचा हार्मोन शून्य आहे. म्हणजे ते रक्त लेकीचं नाहीच. तिचा गट बी पॉझिटिव्ह, नळीतला ओ निगेटिव्ह. जावईबापूंचा ए पॉझिटिव्ह, या मशीनवाल्या पोरीचाही तोच. सुईदादा, तुझा कोणता रे?"

सुईदादानं बाही वर केली. कोपरात सुईची ताजी खूण होती.

"दोन वर्षांपूर्वी माझी बायको त्याच कॉटवर होती," तो म्हणाला. "साहेबांनी रिपोर्ट न बघताच घरी पाठवलं. रिक्षातच पाणमोट फुटली. मुलगी गेली. साहेब म्हणाले, नशीब. म्हटलं, आता साहेबांच्या घरचं नशीब बघू."

"आणि त्या पोटातल्या जिवानं तुझं काय घोडं मारलं होतं रे?"

त्यानं बाही खाली ओढली.

"पोलिसांना बोलवा!" डॉक्टर कडाडले. "याला मी सोडणार नाही!"

"बोलावलंय. दोन तक्रारी लिहिल्यात. पहिली याच्यावर."

"दुसरी?"

बाईंनी एक जुनी फाईल टेबलावर आपटली. "याचा संशय आला तेव्हाच काढली. याच्या बायकोचंही सीआरपी चढलेलं होतं. तो रिपोर्ट तुमच्याकडे साडेदहाला पोचला. घरी सोडल्याची तुमची सही अकराची. रिपोर्ट पाहिल्याच्या सहीची जागा मात्र आजही कोरी. दुसरी तुमच्यावर, साहेब."

डॉक्टर खाली बसले. "बाई, माझी लेक वर पडलीये हो."

"ठाऊक आहे. तिचा रिपोर्ट मी दोनदा वाचलाय," बाई म्हणाल्या. "याच्या बायकोचा एकदाच वाचायचा होता."