लांब गज

ढुंढिराजांनी निवृत्तीनंतर व्हायोलिन हाती घेतलं, तेव्हा घरच्यांनी आधी कौतुक केलं आणि मग खिडक्या लावून घेतल्या. थोरले भाऊ रामकुंडावर पिंडदानं करवतात आणि हे गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये बसून मांजराचा गळा आवळतात, असं त्यांच्या पत्नी, इंदिराबाई, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

पण माणूस चिकट. उभा जन्म विमा कचेरीत आकडे तपासण्यात गेलेला, रियाजही त्याच शिस्तीचा. जिथं बोट चुकलं तेवढाच तुकडा संथ लयीत घोटायचा, बाकीच्याला हात लावायचा नाही. त्यांचे गुरू हिरामणमास्तर मखमलाबादचे. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बोटांचं मागून पाहू. आधी तारेवरचा गज. एकच सा धरायचा, गजाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. घाई केली का लय वाटोळं होतं."

हा सगळा खटाटोप तेजश्रीसाठी होता. एकुलती एक लेक, गळा गोड, आणि तिच्या पहिल्या जाहीर गाण्याला साथ बाबांचीच हवी असा तिचा हट्ट. साथ म्हणजे गाणाऱ्याच्या मागून चालायचं, अर्धं पाऊल मागे. ढुंढिराज तसंच चालत.

एके सकाळी तेजश्री भूप गात असताना ढुंढिराजांचं बोट गंधारावरून चुकून धैवताकडे घसरलं. तिचा आवाज त्याच क्षणी धैवतावर गेला. योगायोग असेल म्हणून त्यांनी मुद्दाम एक वाकडी जागा घेतली, तिला कधीही न शिकवलेली. तिने ती जशीच्या तशी गायली.

"हे कुठून सुचलं गं?"

"काय माहीत बाबा. आपोआप आलं."

त्यांनी ही गोष्ट इंदिराबाईंच्या कानावर घातली. "बापलेकीचा सूर जुळला म्हणा की," त्या म्हणाल्या. ढुंढिराजही सुखावले. बापच तो.

मग ती दुपार आली. तेजश्री आतल्या खोलीत झोपली होती, दार अर्धवट उघडं. तिची झोप मोडू नये म्हणून व्हायोलिनच्या तारांखालच्या घोडीवर आवाज दाबणारं रबर बसवून ते हॉलमध्ये बसले, वाद्याचं टोक पावलावर टेकवलं आणि लांब गज ओढू लागले. जाता सा, येता सा. समोर तिची चादर छातीवर वरखाली होत होती. गज जाताना वर, येताना खाली.

त्यांना गंमत वाटली. त्यांनी गज भरभर फिरवला. चादर भरभर हलू लागली. त्यांनी एक गज शक्य तितका लांबवला. छाती फुलत गेली, फुलतच गेली. मग गजाला राळ लावायला त्यांनी तो तारेवरून उचलला.

चादर थांबली.

खाली भाजीवाली बयाबाई ओरडत होती, "मेथी घ्या, शेपू घ्या!" तिची हाक पलीकडच्या गल्लीत विरली, तरी चादर हलली नव्हती. तेजश्रीचे ओठ पांढरे पडू लागले. ढुंढिराजांनी गज तारेवर टेकवला, तेव्हा तिच्या छातीत हवा गेली. ते आखूड आखूड गज देत राहिले, तिचा श्वास तिला सापडेपर्यंत.

ती उठून घटाघटा पाणी प्यायली. "गंगेत बुडत होते मी, बाबा. वर येताच येईना."

त्यांनी व्हायोलिन पेटीत घालून पेटी माळ्यावर टाकली. भीती बसली होती, आणि ती सांगायची कोणाला? लोक हसले असते.

पण वाद्य गेलं तसा तेजश्रीचा गळाही गेला. बोलायची नीट, गायला बसली की नुसती हवा. डॉक्टरांनी घसा बघितला, काही नाही म्हणाले. कार्यक्रमाच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. ती रोज रडायची. "बाबा, तुम्ही वाजवा ना. फक्त तुम्ही वाजवता तेव्हाच येतं."

कोणत्या बापाला हे ऐकवेल? पेटी खाली आली.

ती अप्रतिम गाऊ लागली. गाणं संपलं की ढुंढिराज आखूड गज देत बसत आणि तिच्या छातीकडे बघत. श्वास सापडला की मगच गज उचलत. श्वास सापडायला मात्र रोज थोडा जास्त वेळ लागू लागला होता. त्यांच्या खांद्यात कळ भरायची. झोप उडाली होती.

कार्यक्रमाला सभागृह भरलं. तेजश्री अशी गायली की पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं डोळे पुसत होती. भैरवी संपली. टाळ्या पडल्या. तिने हसून हात जोडले.

ढुंढिराजांचा गज चालूच होता. आखूड, हलका, एकाच 'सा'वर.

तेजश्री लोकांकडे बघत नव्हती. ती गजाकडे बघत होती.

तानपुरा थांबला. तबलजी सुयशने हातोडी पिशवीत टाकली. "काका, झालं," तो हळूच म्हणाला.

तिचा श्वास सापडत नव्हता.

"काका रंगलेत," कोणीतरी म्हणालं, आणि सभागृह प्रेमाने हसलं. पडायचा पडदा अडून राहिला. खांदा पेटला होता. हात थरथरला की समोरचा श्वासही थरथरत होता.

इंदिराबाई रंगमंचावर आल्या. डोळे भरून आलेले. नवऱ्याशेजारी गुडघे टेकून त्यांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"अहो, पुरे आता. किती छान झालं!"

"नको," ढुंढिराज म्हणाले. "नको, इंदिरा, नको. सोड."

"लाजताय काय असे?"

इंदिराबाईंनी हसत हसत नवऱ्याच्या बोटांतून गज सोडवून घेतला आणि त्या लेकीकडे वळल्या.

"तूच सांग बाई यांना काहीतरी."

तेजश्रीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं.