तुम्ही व्हा पुढं

यात पदरचं काही घातलेलं नाही.

स्वरूपा अजूनही रांगेत उभी असली की मागे वळून बघत नाही. तोक्योत फुनाबोरी स्टेशनवर, कोपऱ्यावरच्या कोम्बिनी दुकानात दूध घेताना, डॉक्टरकडे... कुठेच नाही. असं का, ते कळायला दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात जावं लागेल. तातेयामाच्या डोंगरात.

दोन दिवसांची सहल होती. गाईडसकट. पहिल्या दिवशी शोम्योचा धबधबा, मग वर मुरोदोच्या पठारावर बर्फाच्या भिंती आणि गंधकाची वाफ ओकणारी दरी. दुसऱ्या दिवशी हिमनदी.

आई हिमनदीसाठीच आली होती.

सिंधूताईंनी विट्याजवळच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. हिमनदी फळ्यावर काढून काढून खडू झिजवले, पण बघितली कधीच नव्हती. लेकीकडे जपानला आल्या तेव्हा त्यांनी एवढंच मागितलं. मंदिरं नकोत, बागा नकोत. "स्वरू, मला ती सरकणारी बर्फाची नदी दाखव. बाकी काही नको."

सहलीचा पहिला दिवस अगदी साधा होता.

सिंधूताईंनी साडीवर जांभळं जाकीट चढवलं होतं, डोक्याला माकडटोपी. पायात जावयाचे जुने बूट. दोन मापं मोठे, पुढे कापूस कोंबलेला. ओल्या वाटेवर ते पचक पचक वाजायचे. आणि आवाज? साठ पोरांच्या वर्गाला शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा. तो लहान करायची कळच त्यांच्याकडे नव्हती.

"स्वरू! अगं एक नव्हे, दोन धारा आहेत बघ!"

"आई, हळू."

"धबधब्यापुढं हळू बोलले तर तुला तरी ऐकू येईल का?"

स्वरूपा आजूबाजूला बघत होती. कारण त्याच बसमध्ये मोरिता-सान होते. तिच्या प्रोजेक्टचे, क्लायंटच्या बाजूचे साहेब. बायकोला घेऊन आले होते. ही अशी गाठ पडेल असं तिच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांच्यापुढे ती इतकी वर्षं मोजकं बोलली होती, मोजकं हसली होती. आणि आज बसमध्ये आईने दशम्यांचा डबा उघडला होता. लसणाच्या चटणीसकट. पुढच्या सीटवरच्या बाईंनी रुमाल नाकाला लावला होता.

मग ती दरी आली. जिगोकुदानी. म्हणजे नरकाची दरी.

पिवळट दगड, फुसफुसणारी वाफ, कुजक्या अंड्यांचा वास. पंचवीसेक माणसं कठड्याशी गप्प उभी होती. गाईडसुद्धा खालच्या आवाजात सांगत होता.

"अगं बाई!" सिंधूताई म्हणाल्या. "मी पोरांना सांगायची, ज्वालामुखीपाशी गंधकाचा वास येतो. हे कुठं माहीत होतं, की अख्ख्या गावाचं पोट बिघडलंय आणि सगळे एकाच खोलीत कोंडलेत!"

आणि स्वतःच्याच विनोदावर हसल्या. खदाखदा.

सगळी डोकी वळली.

मोरिता-सान जवळच होते. हसून त्यांनी स्वरूपाला अदबीने विचारलं, "ओकाआसान देसु का?"

आई का तुमची?

"चिगाइमासु," स्वरूपा म्हणाली.

नाही.

शब्द तोंडातून निघून गेला होता. मग तो झाकायला दुसरे आले. ओळखीच्यांकडच्या बाई आहेत. जरा फिरवून आणा म्हणाले, म्हणून आणलंय.

मोरिता-साननी मान हलवली. "किती चांगल्या आहात हो तुम्ही."

आईला जपानी येत नाही, या एका भरवशावर ती बोलली होती. खरंच येत नव्हतं. पण घरात आठ वर्षांची केतकी होती. आजीने दुधाचा कप पुढे केला की ती म्हणायची, "चिगाऊ! ज्यूस!" आजीने लाल मोजे काढले की, "चिगाऊ, आजी! निळे!" आणि शाळेतून आली की दारातूनच हाक, "ओकाआसान!" सिंधूताईंना जपानीतले चार-पाच शब्द कळायचे. त्यात हे दोन होते, 'आई' आणि 'नाही'.

स्वरूपाच्या हे लक्षात आलं ते आईचा चेहरा बघून.

चेहऱ्यावर राग नव्हता. तिने फक्त माकडटोपी खाली ओढून नीट केली. गाईडने झेंडा हलवला, माणसं निघाली.

"चल," स्वरूपा पुटपुटली.

सिंधूताईंनी एकदा मोरिताबाईंकडे बघितलं. मग हळू आवाजात... त्या दिवसात पहिल्यांदाच हळू आवाजात... म्हणाल्या,

"तुम्ही व्हा पुढं. मी येते मागनं."

तुम्ही.

आई लेकीला तुम्ही म्हणाली.

स्वरूपाला वाटलं, टोमणा आहे. संध्याकाळपर्यंत उतरेल. पण हॉटेलात जेवताना सिंधूताई एक खुर्ची सोडून बसल्या. "जरा मीठ देता का?" असं ओळखीच्यांकडच्या बाईने मागावं तसं मागितलं. कुणी विचारलं तर लेक खोटी पडू नये, म्हणून त्या तिचं खोटं तिच्याहून नीट सांभाळत होत्या. आणि स्वरूपाला, सांगायला लाज वाटते, पण सुटल्यासारखं वाटलं.

सकाळी बोलू, असं तिने ठरवलं. खोलीत बोलू.

सकाळ झाली.

"आई, ऊठ. नाश्त्याला जायचंय. आज हिमनदी."

पांघरुणातून आवाज आला.

"तुम्ही व्हा पुढं. मी येते."

खोलीत दोघींशिवाय कुणी नव्हतं. तरीही तुम्ही.

स्वरूपाला राग आला. किती ताणायचं ते! दार ओढून ती खाली गेली. मोरितांच्या टेबलाशी बसून भात-मासे खाल्ले, हिमनदीबद्दल बोलली. दोनदा दाराकडे बघितलं.

आई आली नाही.

उंचीवरची विरळ हवा आणि आधीच थकलेलं हृदय, त्यानेच गेल्या, असं डॉक्टर म्हणाले. हॉटेलच्या माणसाने स्वरूपाला विचारलं, "या आपल्या कोण?" तिने फक्त आईचा पासपोर्ट पुढे केला. दुपारी जयेश, तिचा नवरा, तोक्योहून धावत आला. सगळ्यांना त्यानेच सांगितलं, त्या हिच्या आई. मोरिता-सान व्हरांड्यात उभे होते. ते कमरेत वाकले. खूप खाली, खूप वेळ. त्यानंतर कामापलीकडचा एकही प्रश्न त्यांनी तिला विचारला नाही.

जयेशने सांगितलं ते वाक्य स्वरूपाच्या स्वतःच्या तोंडून निघायचं राहिलं ते राहिलंच.

ते बूट जयेशने घरी आणले. पुढच्या कचऱ्याच्या दिवशी पिशवीत घालून खाली ठेवले. गाडी ते घेऊन गेली. हे स्वरूपाने गॅलरीतून स्वतः पाहिलं आहे. लक्षात ठेवा.

वर्ष झालं. विट्याला वर्षश्राद्ध होतं. ते तिच्या भावाने, सुशीलने केलं. "ताई, तू येतेयस ना?" असं त्याने विचारलं, तर तिने रजा नाही म्हणून सांगितलं. सुशीलच्या डोळ्याला डोळा भिडवायची तिची हिंमत नव्हती. रजा होती. त्याच रजेत ती पुन्हा तातेयामाला निघाली.

"हिमनदी बघून येते," ती म्हणाली.

"एकटी?" जयेशने विचारलं.

"हो."

तीच सहल. गाईड मात्र नवी होती. निशिदा-सान नावाची कोवळी पोरगी, त्याच महिन्यात कामाला लागलेली. मागच्या वर्षीचं तिला काही ठाऊक असायचं कारण नव्हतं.

धबधब्यापाशी काही झालं नाही. दोन्ही धारा पडत होत्या. बस.

पहिली गोष्ट घडली ती वर जाणाऱ्या केबलकारच्या रांगेत.

रांग दाटीची होती. तिच्यामागे कॅमेरा लटकवलेले एक गृहस्थ होते. रांग सरकली, स्वरूपा पुढे झाली. ते झाले नाहीत. तिच्या आणि त्यांच्या मध्ये जागा राहिली... एक माणूस उभं राहील एवढी. पुन्हा रांग सरकली. पुन्हा तेवढीच जागा.

मग दार उघडलं. ते गृहस्थ त्या रिकाम्या जागेकडे बघून किंचित झुकले. हात पुढे केला.

"दोझो," म्हणाले.

आधी तुम्ही.

स्वरूपाने मागे बघितलं. तिथे कुणीच नव्हतं.

वरच्या बसमध्ये तिच्या शेजारची सीट रिकामी होती. एक म्हाताऱ्या बाई काठी टेकत आल्या, बसायला वाकल्या... आणि थबकल्या. "सुमिमासेन," म्हणून त्यांनी सीटची माफी मागितली आणि मागे निघून गेल्या. स्वरूपाने त्या सीटवर हात ठेवून पाहिला. सीट गार होती. नुसती गार.

मनाचे खेळ, तिने स्वतःला समजावलं. शिकली-सवरलेली बाई होती. दुःखात माणसाला काय काय भासतं, हे तिने पुस्तकांतून वाचलं होतं.

मुरोदोला उतरले तेव्हा धुकं होतं.

दुपारचीच वेळ, पण चार माणसांपलीकडचं दिसत नव्हतं. दोन्ही बाजूंच्या बर्फाच्या भिंती वर कुठे संपतात तेही कळत नव्हतं. निशिदा-सानचा पिवळा झेंडा पुढे डुलत होता. सगळे त्या झेंड्यामागे दरीच्या बाजूला निघाले. वाट ओली होती.

आणि मग तिला ते ऐकू आलं.

पचक... पचक...

मागून.

तिने पाय उचलले. मागचेही पाय उचलले गेले. दमलेले, जड. दोन मापं मोठ्या बुटांत पाय घसरतो, मग टाच आपटते, तसा तो आवाज. ती थांबली.

आवाज थांबला.

कुणाचे तरी बूट असतील. किती माणसं आहेत. ती पुन्हा चालू लागली.

पचक... पचक...

कठडा आला. खाली वाफ फुसफुसत असणार, पण धुक्यात काही दिसेना. गंधकाचा वास मात्र होता. माणसं गप्प उभी होती. स्वरूपा तिथेच उभी राहिली, जिथे मागच्या वर्षी उभी होती.

वारा पडला.

वाफेची फुसफुस बंद झाली. कॅमेऱ्यांची क्लिकक्लिक थांबली. सगळ्या डोंगराने श्वास रोखून धरला असावा, असं ते झालं.

आणि तिच्या मागून, अगदी कानाशी, कुणी हळू आवाजात म्हणालं...

"तुम्ही व्हा पुढं."

स्वरूपा पळाली.

हे खरं सांगितलं पाहिजे. ती वळली नाही, तिने हाक मारली नाही. झेंडा, गाईड, माणसं, कशाचं भान ठेवलं नाही. बर्फाच्या भिंतींमधून धडपडत ती बसपाशी आली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. खिडकीचा पडदा ओढून घेतला. आईला ओळखून ती आईपासून पळाली होती. एका वर्षात दुसऱ्यांदा.

हळूहळू बाकीची माणसं आली. बस भरली. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं.

निशिदा-सान मात्र दारातच उभी होती. बोटाने सीटा मोजत होती, मग बाहेर धुक्यात बघत होती. शेवटी ती स्वरूपाजवळ आली.

"माफ करा. तुमच्या मागून येत होत्या त्या आजी... त्या अजून आल्या नाहीत."

"कोण आजी?"

"जांभळं जाकीट होतं. खाली लांब कापड नेसलेलं, तुमच्याकडे नेसतात तसं. बूट फार मोठे होते त्यांना, चालायला त्रास होत होता." पोरगी काळजीत पडली होती. "मला वाटलं तुमच्याबरोबरच आहेत. म्हणून मी मघाशी त्यांना विचारलंसुद्धा. म्हटलं, त्या पुढं गेलेल्या बाई तुमची मुलगी का?"



"मग?" स्वरूपाने विचारलं. "काय म्हणाल्या?"

"चिगाइमासु, म्हणाल्या."

बसमध्ये सगळे ऐकत होते. तो कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात अडकवलेला माणूस, त्या काठीवाल्या बाई. सगळ्यांची नजर तिच्यावर.

"छान हसल्या आणि म्हणाल्या," निशिदा-सानने सांगितलं. "पण यादीत तर मला त्या सापडत नाहीत. मग त्या आल्यात तरी कोणाबरोबर?"

उघड्या दारातून धुकं आत येत होतं.

पचक...

लांबून.

पचक... पचक...

आणि ते जवळ येत नव्हतं. स्वरूपाला ते स्पष्ट कळत होतं. आवाज दूर चालला होता. दरीकडे. कुणाला अडचण नको, कुणी ओशाळं व्हायला नको, म्हणून एक बाई आपणहून मागे चालली होती.

स्वरूपा उठली. माणसांच्या पायांतून वाट काढत ती दारापर्यंत आली, पायऱ्या उतरली. बर्फाचा गारठा तोंडावर आला. समोर काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

"माझ्याबरोबर आल्यात त्या," ती आधी जपानीत म्हणाली. निशिदा-सानला ऐकू जाईल असं, बसमधल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं.

पचक...

मग तिने छाती भरून श्वास घेतला. त्या शांत देशात, त्या गप्प माणसांपुढे, धुक्यात तोंड करून तिने मराठीत, अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल अशी हाक दिली.

"आई! ए आई! थांब! तू माझी आई आहेस गं... ही माझी आई आहे!"